दाताळेबाई आणि साडेचार फुटांचा ठराव

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गावात सगळे दाताळेबाई म्हणतात. हे काही आमचं आडनाव नाही. त्या नगरपालिकेचा ट्रॅक्टर चालवतात. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी दात्यांचं एक रुंद दाताळं जोडलेलं असतं आणि ते ओढत त्या रोज सकाळी समुद्रकिनारा साफ करतात, म्हणून दाताळेबाई. एकदा नवीन आलेल्या पोस्टमनने या नावाची पाटी शोधत आख्खी गल्ली पालथी घातली आणि शेवटी त्यांनाच गाठून विचारलं, "इथे दाताळे कुठे राहतात?" त्या म्हणाल्या, "ट्रॅक्टरच्या मागे." बिचारा खरंच मागे जाऊन बघून आला.

घरात आम्ही त्यांना ताई म्हणतो. खालच्या मजल्यावर ताई आणि थोरले भाऊजी, वर आम्ही. भाऊजी सुतार आहेत, त्यामुळे जिन्यात कायम लाकडाचा भुसा. मी नगरपालिकेच्या कचेरीत कारकून. सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं, ठराव टाइप करायचे, नोटिसा काढायच्या, ही माझी कामं. म्हणजे ज्या भांडणाची गोष्ट मी सांगणार आहे, त्यातली एक बाजू माझ्या घरात राहत होती आणि दुसरी बाजू माझ्या टेबलासमोर बसत होती. दोन्हीकडून माझंच सॅंडविच झालं. पण ते असो.

आमचं गाव लहान. हॉटेल नाही, बंदर नाही, नुसती राहती घरं. समुद्राला समांतर चार रस्ते. पहिल्या रस्त्यावरच्या घरांची मागची दारं थेट वाळूत उघडतात. बाकीच्यांनी किनाऱ्यावर जायचं ते तीन बोळांतून. किनारा फार मोठा नाही. एका टोकाला काळे खडक, दुसऱ्या टोकाला खाडीचं तोंड, आणि मध्ये चालत गेलं तर वीस मिनिटांची वाळू.

ताई या कामावर आल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. लहानपणी वडिलांच्या शेतात ट्रॅक्टर चालवलेला, एवढीच त्यांची पुंजी. जुना ड्रायव्हर निवृत्त झाला तेव्हा दोनच अर्ज आले, आणि दुसऱ्या अर्जदाराला ट्रॅक्टर मागे घेता येईना. ताईंनी तो कचेरीच्या फाटकातून एका दमात उलटा बाहेर काढला, वळवला आणि परत आत आणून लावला. वर विचारलं, "आणखी काही बघायचंय?"

पहिली दोन वर्षं त्यांनी किनारा असा साफ ठेवला की लोक तोंडात बोटं घालत. भरतीबरोबर आलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा, कशाची म्हणून गय नाही. वाळू अगदी पुसलेल्या फरशीसारखी. पहिल्या रस्त्यावरच्या मंडळींनी त्यांचं कौतुक करणारं पत्र दिलं, ते मीच फायलीला लावलं.

तिसऱ्या वर्षी थंडीत वादळ आलं आणि समुद्र पहिला रस्ता ओलांडून पोस्टापर्यंत चालत आला. पोस्टमास्तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून लोकांची पत्रं पाण्यातून गोळा करत होते. एकोणीस घरांत पाणी शिरलं. कुणाचा जीव गेला नाही, पण बिछाने, कपाटं, लग्नातले फोटो, सगळं खाऱ्या पाण्यात गेलं.

पाणी ओसरल्यावर ताई किनारा बघायला गेल्या. सगळीकडे वाळू खरवडून निघाली होती. फक्त एका जागी, किनाऱ्यावर कित्येक वर्षं पडलेल्या एका मोडक्या होडीमागे, कंबरेएवढा ढीग शाबूत होता. वर गवत, खाली कुजलेलं शेवाळ, आणि त्यात धरून ठेवलेली वाळू. होडी आड यायची म्हणून तिथे दाताळं कधी पोचलंच नव्हतं.

ताई तशाच ओल्या चपलांनी तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या. मी शेजारच्याच टेबलावर होते.

"साहेब, किनारा मी पातळ केला."

"म्हणजे?"

"घासून घासून. शेवाळ उचललं, गवताचे कोंब उपटले. वाळूला धरायला काही ठेवलंच नाही. जिथे माझा हात पोचला नाही, तिथेच वाळू टिकली."

साहेब गोंधळले. आपली चूक आपण होऊन सांगायला येणारं माणूस त्या कचेरीत बहुधा पहिलंच. "मग आता काय करायचं म्हणता?"

"जे मी मोडलं ते मला परत करू द्या. बाकी काही नको."

तेव्हापासून ताईंचं काम बदललं. प्लास्टिक, बाटल्या, तुटकी जाळी हे उचलायचं. शेवाळ मात्र घरांच्या बाजूला नेऊन रांगेत टाकायचं. भाऊजींच्या दुकानातल्या वाया गेलेल्या पट्ट्यांची कुंपणं करून वाळूत तिरकी रोवायची. वारा वाळू घेऊन आला की कुंपणाशी अडखळतो आणि ओझं तिथेच टाकतो. खाडीकडचं लांब मुळांचं गवत आणून त्यात लावायचं. वाळूत त्यांनी आठ लोखंडी नळ्या उभ्या केल्या आणि दर महिन्याला भाऊजींच्या टेपने मोजून, कुठे वाळू किती चढली, किती उतरली, ते शाळेच्या वहीत लिहायला लागल्या. भाऊजी म्हणायचे, "माझा टेप लाकडाला कमी आणि समुद्राला जास्त लागतो."

सोळा वर्षांत खडकांपासून खाडीपर्यंत वाळूची टेकडी उभी राहिली. आधी गुडघाभर, मग छातीएवढी, मग माणसाच्या डोक्यावरून. मधे तीन मोठी वादळं येऊन गेली. पाणी पहिल्या रस्त्यावर एकदाही आलं नाही.

आणि पाणी येईनासं झालं, तशी लोकांना टेकडी खुपायला लागली.

पहिल्या रस्त्यावरच्या तळमजल्यांवरून समुद्र दिसेना. घरं घेताना समुद्र दिसत होता, आता गवत दिसतं. तक्रारी यायला लागल्या. मग निवडणूक झाली आणि औषधाच्या दुकानाचे मालक नगराध्यक्ष झाले. त्यांचं घर पहिल्याच रस्त्यावर. माणूस वाईट नव्हता. गावात कुणाला बरं नसलं तर दुकान बंद करून औषध घरी नेऊन देणारा. पण एकदा मनात घेतलं की घेतलं. तिसऱ्याच सभेत ठराव आला: टेकडीची उंची सरसकट साडेचार फुटांनी कमी करावी. सात सभासद; चार विरुद्ध तीन मतांनी ठराव मंजूर. अध्यक्षांचं मत त्या चारांत होतं. ते सगळं मी माझ्या हाताने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताईंना कचेरीत बोलावलं.

अध्यक्ष खुर्चीत बसले होते. ताईंना बसा म्हणाले, ताई बसल्या नाहीत.

"सोमवारपासून ट्रॅक्टरला पुढे वाळू लोटायचं पातं लावायचं," अध्यक्ष म्हणाले. "खडकाच्या बाजूने सुरुवात करा. साडेचार फूट. वाळू खाली पाण्याकडे लोटून द्या."

"लोटली की समुद्र ती एका आठवड्यात घेऊन जाईल."

"तो समुद्राचा प्रश्न आहे."

"आणि मग तो आपल्याला विचारायला येईल. घरात."

"बाई, ठराव झालाय."

"झाला असेल. मी ती कापणार नाही."

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नाही म्हणजे? तुम्ही नगरपालिकेच्या नोकर आहात."

"आहे ना. म्हणून तर नगरपालिका वाहून जाऊ देत नाही."

मी मान खाली घालून फायलीत नसलेला कागद शोधत होते. ताईंनी कमरेच्या पिशवीतून ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. आपटली नाही, फेकली नाही. चहाचा कप ठेवावा तशी ठेवली.

"दुसरा माणूस शोधा," त्या म्हणाल्या. "आणि त्याला सांगा, तिसऱ्या गिअरला झटका बसतो. क्लच हळू सोडायचा."

संध्याकाळच्या आत निलंबनाची नोटीस निघाली. "वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान व उद्धट वर्तन." टाइप मी केली. शिपाई सुट्टीवर होता, त्यामुळे ती पोचवण्याची जबाबदारीही माझ्यावरच आली. पर्समध्ये घालून घरी नेली. ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. मी दारात उभी, हातात लिफाफा.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. हात पुसून वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अवमानातला 'व' पहिला की 'मा' पहिला गं? तू 'अमवान' लिहिलंयस."

मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? उद्या नीट टाइप करून आण. चुकीच्या नोटिशीवर मी सही करणार नाही."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणल्यावरच त्यांनी सही केली.

बाहेरगावहून बुलडोझर मागवला गेला. पण त्यात एक मेख होती, आणि ती मला माहीत होती, कारण ती माझ्याच कामातली. आमच्याकडे मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम केल्याशिवाय कोणताही ठराव अमलात येत नाही. पुढची सभा तीन आठवड्यांनी होती. हे मी ताईंना सांगितलं का? सांगितलं. नियम काही गुपित नव्हता, कचेरीच्या भिंतीवर टांगलेला होता. मी फक्त म्हटलं, "ताई, भिंतीवरचं कलम अकरा वाचलंय का कधी?"

त्या तीन आठवड्यांत ताईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या थेट अध्यक्षांच्या घरी गेल्या. अध्यक्ष दुकानात असतील अशी वेळ साधून. त्यांना भेटायचं होतं त्यांच्या आईला.

त्या आईंना सगळं गाव 'बाई' म्हणायचं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं, निम्म्या गावाचे कान पिळलेले. ताईंचेही; त्यांचं माहेर खाडीपलीकडचं, शाळा हीच. आता कंबर निकामी झाली होती आणि त्या चाकांच्या खुर्चीत होत्या. मला हे सगळं ताईंनीच नंतर सांगितलं.

बाईंची खुर्ची मागच्या खिडकीशी होती. ताई आत गेल्या, नमस्कार केला आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या, बाईंच्या डोळ्यांच्या पातळीला डोळे आणून. खिडकीतून गवत दिसत होतं आणि गवतावर आभाळाची एक पट्टी.

"सहा वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "समुद्र मी नुसता ऐकते. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसा."

सोळा वर्षं त्यांनी वाळूची उंची टेपने मोजली होती, पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची कधी मोजली नव्हती. हा ठराव कुठून आला ते त्यांना तेव्हा कळलं. लेकाने आईसाठी आणला होता, आणि सगळ्या रस्त्याने आपापल्या खिडकीसाठी त्याला हात वर केला होता.

"बाई, टेकडी मी कापू देणार नाही," ताई म्हणाल्या. "पण समुद्र तुम्हाला दाखवीन."

"उचलून नेणार आहेस का मला?"

"नाही. तुमच्या पायांनी... म्हणजे, चाकांनी."

बाई हसल्या. "वर्गात पण अशीच होतीस. उत्तर चुकलं तरी आवाज मोठा."

घरी येऊन ताईंनी भाऊजींना कामाला लावलं. अध्यक्षांच्या घराला लागून जो बोळ आहे, त्याच्या तोंडाशी लोकांच्या पायांनी टेकडी जरा बसकी झालेली आहे. तिथून वर चढून पलीकडे उतरणारी फळ्यांची वाट करायची. भाऊजींनी फळ्या कापल्या, कडेला भोकं पाडली आणि जाड दोरीत ओवल्या. सतरंजीसारखी गुंडाळता येणारी ती वाट दोघांनी खांद्यावरून नेऊन एका सकाळी वाळूवर अंथरली. तरीही चढ तीव्र वाटत होता, म्हणून ती सरळ न नेता दोनदा वळवली.

दुपारपर्यंत कचेरीत तक्रार आली. विनापरवाना बांधकाम. मुख्याधिकाऱ्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही बोळात गेलो. ताई फळ्यांवर वाळू टाकून त्या हलतात का ते बघत होत्या.

"हे काढावं लागेल," साहेब म्हणाले. "बांधकाम आहे."

"बांधलंय कुठे? एक खिळा दाखवा."

साहेबांनी वाकून बघितलं. खिळा नव्हता.

"अंथरलंय," ताई म्हणाल्या. "लोक किनाऱ्यावर चटई अंथरतात, त्याला परवाना लागतो का? माझी चटई जरा जड आहे, एवढंच."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं. वहीत काही लिहिलेलं नव्हतं, पण बघायला ती बरी होती.

सभा शनिवारी दुपारी होती. एरवी आमच्या सभांना चारपाच लोक यायचे, त्यातले दोन पंख्याखाली झोपायला. त्या दिवशी सभागृह भरून व्हरांड्यात माणसं उभी होती. बहुतेक मागच्या तीन रस्त्यांवरची, पण पहिल्या रस्त्यावरचीही काही होती. नियमाप्रमाणे प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटं. नावं माझ्याकडे नोंदवायची. एकेचाळीस नावं आली. अध्यक्षांनी यादी बघितली आणि पाण्याचा ग्लास संपवला.

पहिलं नाव ताईंचं. त्या वही उघडून उभ्या राहिल्या.

"मी भाषण करणार नाही. मी नुसतं वाचणार आहे. पहिलं वर्ष. खडकाजवळची नळी: वाळू चार बोटं चढली. पोस्टासमोरची नळी: दोन बोटं उतरली. दुसरा महिना..."

लोक आधी चुळबुळले. मग ऐकायला लागले, कारण ती नळी कुणाच्या तरी घरासमोरची होती. "शिंपीणकाकूंच्या दारासमोर: गुडघ्याएवढी." शिंपीणकाकू मान हलवायच्या. "पाचवं वर्ष, वादळ. लाटेचा जोर टेकडीवर. खडकाजवळ सात फूट रुंद वाळू एका दिवसात गेली. रस्त्यावर पाणी आलं नाही. सहावं वर्ष, गेलेल्या सात फुटांपैकी..."

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "तीन मिनिटं झाली."

ताई वाक्य अर्धं टाकून बसल्या. वही शेजारच्या न्हाव्याच्या हातात दिली. दुसरं नाव त्याचं होतं. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि वाचलं, "...पाच फूट परत आली."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष घंटेवर हात ठेवून तसेच बसले. न्हाव्यानंतर शिंपीणकाकू, त्यांच्यानंतर शाळेचा शिपाई, मग पोस्टमास्तर. पोस्टमास्तरांच्या वाट्याला आठव्या वर्षातलं वादळ आलं. "पोस्टाच्या पायरीपासून पाणी एकशे दहा पावलांवर थांबलं," एवढं त्यांनी दोनदा वाचलं. त्यांची ती विजार, ती पत्रं सगळ्यांनाच आठवली असणार. घंटा वाजली तेव्हा त्यांनी वही पुढे दिली.

एक सभासद वैतागून म्हणाले, "हा सभेचा वेळ वाया घालवण्याचा प्रकार आहे!"

"तुम्ही तीन मिनिटांत सोळा वर्षं खोडणार," मागून ताईंचा आवाज आला, "तर आम्ही सोळा वर्षं तीन-तीन मिनिटांत वाचणार. नियम तुमचाच आहे."

बावीस जणांचं वाचून झालं असेल, तेवढ्यात व्हरांड्यात गडबड झाली आणि गर्दी दुभंगली. भाऊजी बाईंची खुर्ची ढकलत आत आले. खुर्चीच्या चाकांना ओली वाळू लागलेली होती. अध्यक्ष उठून उभे राहिले.

"आई, तू इथे कशी?"

"खाली बस," बाई म्हणाल्या. अध्यक्ष बसले. सवयीने निम्मं सभागृह बसलं. "माझं नाव यादीत आहे का गं?"

नव्हतं. मी म्हटलं, "आहे, बाई," आणि लिहिलं.

"मला तीन मिनिटं नकोत. मी आत्ता समुद्र बघून आले. सहा वर्षांनी. फळ्या जरा खडखडतात, त्या सुताराने बघाव्यात." भाऊजींनी कान खाजवला. "वर गेल्यावर दोन्हीकडे बघितलं. एकीकडे समुद्र, एकीकडे माझं घर. माझं घर समुद्राच्या खाली आहे. भरती चढत होती आणि माझ्या घराचा उंबरठा तिच्यापेक्षा खाली होता. मला समुद्र बघायचाय, घरात नकोय." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "माझ्यासाठी करत होतास ना? मग मला विचारायचं होतंस."

उरलेल्या एकोणीस जणांनी आपली पाळी सोडून दिली. ठराव कायम करायचा का, यावर मतदान झालं. तीन बाजूने, तीन विरोधात. निर्णायक मत अध्यक्षांचं. मला विचारावंच लागलं, "साहेब, आपलं मत?"

त्यांनी हाताखालची घंटा बाजूला सरकवली. मग म्हणाले, "लिहा, अध्यक्ष तटस्थ."

ठराव पडला. बुलडोझर दोन दिवसांनी आला तसा परत गेला.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण निलंबन कायम होतं. टेकडी वाचली म्हणून ताईंचा उद्धटपणा माफ झालेला नव्हता. अध्यक्षांनी निरोप पाठवला: लेखी माफी द्या आणि कामावर या. मसुदाही माझ्याकडूनच करून घेतला. "माझ्या हातून घडलेल्या वर्तनाबद्दल मला मनापासून खेद वाटतो." मी तो कागद घेऊन खाली गेले.

"खेद?" ताई म्हणाल्या. "मला कशाचा खेद वाटतो?"

"ताई, नुसती सही करायची. दोन ओळी तर आहेत."

"दोन ओळी खोट्या आहेत. किनारा पातळ केला तेव्हा खेद वाटला होता, तो मी न मागता सांगितला. आता जे केलं ते उद्या परत करीन. तसं लिहून आण, सही करते."

भाऊजींनीही समजावून बघितलं. पण नाकावर माशी बसू द्यायची नाही हा ताईंचा स्वभाव. अडीच महिने ताई दुकानात फळ्यांना रंधा मारत बसल्या. रोज पहाटे मात्र किनाऱ्यावर जाऊन आठही नळ्या बघून यायच्या. निलंबित माणसाने समुद्र बघू नये असं कुठल्या कलमात आहे, असं विचारायच्या.

ट्रॅक्टरवर नवा ड्रायव्हर नेमला होता. तो रस्त्यावर मालाच्या गाड्या चालवून तयार झालेला, वाळू त्याला नवीन. एके दिवशी दुपारी त्याने खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या रेघेखाली, ओल्या वाळूत ट्रॅक्टर घातला. क्लच झटक्याने सोडला आणि मागची चाकं निम्मी खाली गेली. त्याने जोर लावला, ती आणखी खाली गेली. आणि भरती लागली.

मुख्याधिकारी धावत माझ्याकडे आले. "घरी फोन लावा!"

मी पोचले तेव्हा लाटांचा फेस पुढच्या चाकांना लागत होता. अध्यक्ष बूट हातात धरून पाण्यात उभे होते. ताई आणि भाऊजी बोळातून फळ्यांची वाट गुंडाळून घेऊन येत होते. ताईंनी ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि फावड्याने चाकांपुढची वाळू काढायला लावलं. मग चाकांखाली फळ्या सरकवल्या. एका चाकाला तरीही पकड मिळेना.

"आणखी काही आहे का खाली घालायला?" त्यांनी विचारलं. आणि मग अध्यक्षांच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं. "तो माफीचा कागद आहे का? द्या इकडे. चाकाखाली घालते, तेवढीच पकड येईल."

पाण्यात उभा असलेला आख्खा जमाव हसला. ड्रायव्हरसुद्धा. अध्यक्ष लाल झाले. तो कागद माफीचा नव्हता, औषधांची यादी होती, हे मला माहीत होतं. पण त्यांनी तसं सांगितलं नाही. अंगातला कोट काढला आणि ताईंच्या हातात दिला. ताईंनी तो घडी करून चाकाखाली कोंबला.

मग त्या चढून बसल्या. पहिला गिअर. क्लच इतका हळू सोडला की ट्रॅक्टर हलला ते आधी कळलंच नाही. फळ्या करकरल्या, दोन मोडल्या, आणि चाकं वर आली. ट्रॅक्टर सरळ कोरड्या वाळूत नेऊन ताईंनी तो बंद केला. किल्ली काढली. सवयीने कमरेच्या पिशवीत टाकली.

ती किल्ली परत मागायची कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी नोटीस मागे घेतल्याचं पत्र टाइप केलं. त्यात खेद नव्हता, माफी नव्हती. 'अवमान' हा शब्द या वेळी मी दोनदा तपासला.

पहिल्या रस्त्यावरचे सगळेच काही खूश झाले नाहीत. तिघांनी घरं विकली. एकाने रागाने वरचा मजला चढवला आणि आता तिथून समुद्र बघतो, खाली कुणाशी बोलत नाही. बाई मात्र फळ्यांवरून रोज संध्याकाळी वर जायच्या, पुढचे चौदा महिने, जाईपर्यंत. त्यांच्यानंतर आता दुसऱ्या रस्त्यावरचे दोन म्हातारे आणि एक पाय मोडलेली मुलगी ती वाट वापरतात.

गेल्या थंडीत पुन्हा वादळ आलं. दोन दिवस समुद्र टेकडीवर धडका देत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर समुद्राकडची बाजू सुरीने कापल्यासारखी उभी तुटली होती. कुंपणं गेली, आठांतल्या पाच नळ्या गेल्या, इतक्या वर्षांचं गवत मुळं वर करून पाण्यात तरंगत होतं. रस्ता कोरडा होता. ताई तुटलेल्या कड्याखाली उभ्या राहिल्या आणि उरलेल्या नळ्या मोजल्या. त्यांचं वय मला पहिल्यांदा त्या दिवशी दिसलं.

अध्यक्ष, आता माजी अध्यक्ष, त्यांच्या मागच्या दारातून बाहेर आले. त्यांनी टेकडीकडे बघितलं.

"अर्धी गेली," ते म्हणाले.

"अर्धी राहिली," ताई म्हणाल्या. भाऊजींनी आणलेल्या पट्ट्यांच्या कुंपणाची गुंडाळी त्यांनी वाळूत टाकली आणि उलगडायला लागल्या. "बघत काय बसलात? ते टोक धरा."

त्यांनी धरलं. वाकडं धरलं, आणि ताईंनी तसं त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं.